वस्त्राची साक्ष

इ. स. 1363 साली, इंग्लंडच्या गादीवर तिसरा एडवर्ड असताना, तेथील पार्लमेंटने आहार व पोशाख यांविषयी एक कायदा संमत केला. कोणी कोणते कापड अंगावर घालावे हे त्यात पायरीपायरीने सांगितले होते. गाडीवान, नांगरणारे, मेंढपाळ, गुराखी आणि ज्यांच्यापाशी चाळीस शिलिंगांचीही चीजवस्तू नाही अशा सर्वांनी घोंगडीवजा जाड कापड आणि 'रसेट' नावाचे करडे भरड कापड एवढेच वापरावे, आणि तेही बारा पेन्सांहून अधिक किमतीचे नसावे. कारागिराने चाळीस शिलिंगांच्या आतल्या ताग्याचे कपडे शिवावेत. त्याच्या बायकोने व मुलीने कोकरू, ससा, मांजर आणि कोल्हा यांखेरीज अन्य फर लावू नये. पाचशे पौंडांची मालमत्ता असलेल्या व्यापाऱ्याने मात्र शंभर पौंड उत्पन्नाच्या लहान सरदाराप्रमाणे पोशाख केला तरी चालेल. हा कायदा कशासाठी, तर लोक आपल्या पायरीला न शोभणारा पोशाख करू लागले आहेत आणि त्यामुळे देश दरिद्री होत आहे म्हणून.

दोन वर्षांच्या आतच हा कायदा मागे घ्यावा लागला. परंतु तो एकटा नव्हता. तेराव्या शतकापासून पुढे युरोपात, विशेषतः इटलीच्या नगरराज्यांत, अशा कायद्यांची रीघ लागली होती. बाहीची लांबी, फरची जात, बटणांची संख्या, झग्याचा मागे लोळणारा घोळ यांतले काहीही राज्यकर्त्यांच्या नजरेतून सुटले नाही. या कायद्यांना हसणे सोपे आहे. आमच्या मते मात्र त्यांच्या मुळाशी एक प्रश्न आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणसाच्या अंगावरच्या कापडाने त्याच्याविषयी खरे सांगावे, अशी अपेक्षा धरण्याचा अधिकार कोणाला आहे काय? आणि असलाच तर तो कोणाला?

आम्हां मराठी माणसांना हा प्रश्न अगदीच परका वाटू नये. डोक्यावरच्या पागोट्याच्या पिळावरून समोरच्याची जात आणि मुलूख सांगता येई, असे आपल्यापैकी अनेकांनी आजोबांच्या तोंडून ऐकले असेल. ते कौतुकाने सांगितले जाई. ज्याला आपले पागोटे बदलण्याची मुभा नव्हती तो हीच गोष्ट किती कौतुकाने सांगता, हे विचारायचे तेव्हा कोणाला सुचत नसे.

त्या काळचे युरोप म्हणजे मुख्यत्वे लोकर. रेशीम थोड्यांसाठी होते, कापूस दुर्मिळ होता. इंग्लंडच्या मेंढ्यांची लोकर सर्वांत मऊ व लांब धाग्याची समजली जाई. चौदाव्या शतकाच्या आरंभी एका चांगल्या वर्षात चाळीस हजारांहून अधिक पोती लोकर त्या बेटावरून परदेशी गेली. एकेक पोते तीनशे चौसष्ट पौंडांचे. राजा पहिला रिचर्ड परमुलखात कैदेत पडला तेव्हा 1193 साली त्याच्या खंडणीसाठी सिस्टर्शियन पंथाच्या मठांची वर्षभराची लोकर उचलण्यात आली. ज्या मठवासीयांनी जगाचा त्याग केला होता त्यांच्याच कुरणांवर देशातले उत्तम धन चरत होते, हा योगायोग आम्हांला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

ही लोकर समुद्र ओलांडून फ्लांडर्समधील ईप्र, गेंट, ब्रुज या शहरांत जाई, आणि पुढे फ्लॉरेन्सलाही. तेथे तिचे कापड व्हायला किती हात लागत ते पाहण्यासारखे आहे. आधी निवडणारे लोकरीची प्रत लावीत. मग ती धुवायची, तिला तेल किंवा लोणी चोळायचे, लांब धाग्याची असेल तर विंचरायची, आखूड असेल तर पिंजायची. सूत कातायचे ते बायकांनी, बहुधा आपापल्या घरी आणि खेड्यापाड्यांत. तेराव्या शतकात चरखा आला. परंतु त्याचे सूत ताण्याला पुरेसे बळकट नसते म्हणून कित्येक ठिकाणी ताण्याचे सूत चातीवरच काढावे असा निर्बंध होता. रुंद मागावर दोन विणकर शेजारी बसत आणि धोटा एकमेकांकडे फेकीत. मागावरून उतरलेले कापड विरळ व खरबरीत असे. ते मोठ्या द्रोणीत घालून, त्यात मुलतानी मातीसारखी माती आणि शिळे मूत्र ओतून, माणसे उघड्या पायांनी तासन्‌तास तुडवीत. तेव्हा कोठे त्याचे धागे एकमेकांत रुतून ते दाट होई. पुढे हे काम अनेक ठिकाणी पाणचक्कीवर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांनी पत्करले. तुडवून आटलेले कापड उघड्या मैदानात आकड्यांच्या चौकटीवर ताणून वाळवायचे. मग काटेरी बोंडांनी त्याची लव उभी करायची आणि हातभर लांबीच्या जड कात्रीने ती सारखी कापायची. पुन्हा उभी करायची, पुन्हा कापायची. एवढे झाल्यावर त्या कापडाला असा काही मऊपणा येई की विणीचा धागा डोळ्यांना दिसू नये.

धागा दिसू नये, हीच उत्तम कापडाची कसोटी. येथे आम्ही क्षणभर थांबतो. निवडणारा, पिंजणारा, कातणारी, विणणारे, तुडवणारा, कातरणारा, यांपैकी एकाचाही माग कापडावर राहू नये, हेच त्याचे सौंदर्य. कापडाने घालणाऱ्याची पायरी सांगावी असा कायदा झाला, परंतु करणाऱ्याविषयी त्याने चकार शब्द काढावा असे कोणाच्या मनात आले नाही. तेव्हा कापडाकडून मागितलेले सत्य आरंभापासूनच अर्धे होते.

रंगाची गोष्ट याहून मनोरंजक आहे. निळा रंग वोड नावाच्या पाल्यापासून निघे. त्यात नीळच असते, पण थोडी. साधा तांबडा मंजिष्ठेच्या मुळ्यांचा. उंची तांबडा मात्र भूमध्य समुद्राच्या काठच्या एका ओकवर वाढणाऱ्या केर्मेस नावाच्या किड्याचा. वाळलेले किडे दाण्यांसारखे दिसत म्हणून त्यांना 'दाणा' म्हणत, आणि घालणाऱ्यांपैकी पुष्कळांना आपण किडे अंगावर वागवतो याचा पत्ताही नसेल. या रंगात रंगवलेल्या उत्तम लोकरी कापडाला स्कार्लेट म्हणत. आज जे रंगाचे नाव आहे ते तेव्हा कापडाचे होते. उत्तम स्कार्लेटचा एक तागा घ्यायचा तर कुशल गवंड्याची वर्षभराची मजुरीही अपुरी पडे, आणि त्या किमतीतला मोठा हिस्सा केवळ रंगाचा असे.

जेथे अस्सल एवढे महाग, तेथे नक्कल आलीच. ती आपल्या बाजूने आली, ही गंमत. पतंगाचे लाकूड मलबारकडून आणि त्याही पलीकडच्या मुलखातून अरब व इटालियन व्यापाऱ्यांच्या हातून युरोपात पोहोचे. त्यातल्या एका प्रतीला इटलीचे व्यापारी कोल्लम बंदराच्या नावानेच ओळखीत. पुढे दक्षिण अमेरिकेतील एका देशाला याच जातीच्या लाकडावरून ब्राझील हे नाव पडले. पतंगाचा तांबडा पहिल्या दिवशी केर्मेसच्या तोडीस तोड दिसतो, पण उन्हापाण्यात टिकत नाही. म्हणून रंगाऱ्यांच्या संघांनी केर्मेसमध्ये पतंग मिसळण्यावर कडक बंदी घातली आणि ती मोडणाऱ्यांना जबर दंड ठेवले.

आमच्याकडच्या विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त प्रेमाचे नीलीराग, कुसुंभराग आणि मंजिष्ठाराग असे तीन प्रकार केले आहेत: एक फारसा झळकत नाही पण जात नाही, दुसरा झळकतो पण जातो, तिसरा झळकतोही आणि टिकतोही. त्या पंडिताने हे वर्गीकरण करण्यापूर्वी एखाद्या रंगाऱ्याच्या दारात उभे राहून कापड वाळताना पाहिले असले पाहिजे, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे. फ्लॉरेन्सचा रंगारी काव्यशास्त्र न शिकताही हे सारे जाणून होता.

तर या रंगाऱ्याकडून खरेपणा मागणे न्याय्य आहे, याविषयी दुमत होऊ नये. पतंगाचे कापड केर्मेसचे म्हणून विकले की घेणारा नाडला जातो. त्याचे पैसे जातात आणि दोन पावसाळ्यांनंतर हाती फिकट चिंधी उरते. तसेच, एखाद्याने शिपायाचा गणवेश चढवून रस्त्यात लोकांकडून दंड वसूल केला, तर त्याच्या वस्त्राने खोटी साक्ष दिली असे आम्हीही म्हणू. तेव्हा कापड खोटे बोलू शकत नाही, ही आमची भूमिका नव्हे.

पण गाडीवानाने चार वर्षे पैसे साठवून रोख किमतीने चांगल्या निळ्या कापडाचा अंगरखा शिवला, तर त्याने कोणाला नाडले? विणकराला दाम मिळाले, रंगाऱ्याला मिळाले, शिंप्याला मिळाले. गाडीवान 'मी सरदार आहे' असे म्हणत नाही, सरदाराच्या नावाने कोणाकडून कवडीही उकळत नाही. नुकसान झाले असेल तर एवढेच, की बाजारातून जाताना ज्याला लांबूनच ओळखून लोक वाट देत त्याला आता जरा जवळ यावे लागते. या नुकसानीची भरपाई कायद्याने करावी काय?

1363 हे साल कोणते, हे लक्षात घेतले म्हणजे या कायद्याचा हेतू अधिक उघडा पडतो. 1348 व 1349 या वर्षांत काळ्या महामारीने इंग्लंडची निम्म्याच्या आसपास वस्ती नाहीशी केली होती. माणसे कमी उरली, तशी मजुरी वाढली. ती बांधून टाकण्यासाठी 1351 साली मजुरांचा कायदा झाला, पण मजुरी काही बांधली गेली नाही. ज्यांच्या बापांनी जन्मभर कांबळे पांघरले त्यांच्या हातात प्रथमच उरणारा पैसा आला, आणि त्यांनी तो अंगावर घातला. यात उधळेपणा मुळीच नव्हता असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याला पिढ्यान्‌पिढ्या एकाच रंगात राहावे लागले त्याने पहिल्या संधीला रंग मागितला, तर त्याला प्रथम काटकसरीचे प्रवचन ऐकवणारा मनुष्य बहुधा स्वतः उबदार कपड्यांत बसलेला असतो.

कापडाच्या पायऱ्यांचा आणखी एक प्रकार त्या काळी होता आणि त्याचे एक शेपूट आमच्या कचेऱ्यांपर्यंत आले आहे. मोठे सरदार आपल्या चाकरांना ठरल्या मुदतीने कापड देत; कारभाऱ्याला एका प्रतीचे, मुदपाकखान्यातल्या पोऱ्याला दुसऱ्या. दिलेले ते 'लिव्हरी'. पुढे सरदारांच्या चिन्हांचे कपडे घालून गुंडांच्या टोळ्या फिरू लागल्या, तेव्हा 1390 साली दुसऱ्या रिचर्डला त्यावर निर्बंध घालावे लागले. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा सरकारी टिपणांत शिपायांच्या कपड्यांसाठी हाच शब्द रूढ होता, आणि कोणाला किती मीटर, कोणत्या ऋतूचे, किती वर्षांनी, याचे तक्ते आम्ही स्वतः केले आहेत. 2017 सालापासून कापडाऐवजी रोख पोशाखभत्ता सुरू झाला. ते तक्ते करताना आमच्या मनात कधी कोणाचा अपमान करण्याचा विचार आला नाही. आमच्या डोळ्यांपुढे मीटर होते. बहुधा एडवर्डच्या कारकुनांच्या डोळ्यांपुढेही पेन्सच असतील.

कारकुनांचा विषय निघालाच आहे, तर फ्रांको साक्केत्ती या चौदाव्या शतकातील फ्लॉरेन्सच्या कथाकाराने सांगितलेली एक हकीकत येथे द्यायलाच हवी. अमेरिगो नावाचा एक परगावचा न्यायाधीश स्त्रियांच्या पोशाखाचा कायदा अमलात आणण्यासाठी नेमला गेला. वरिष्ठांनी ठपका ठेवला की तो काहीच करत नाही. तेव्हा त्याने लेखी कैफियत दिली. आपण जन्मभर कायदा शिकलो, पण आता आपल्याला काहीच येत नाही असे दिसते. एका बाईच्या डोक्यावरच्या वस्त्राला मनाई केलेले कोरीव टोक होते. कारकुनाने नाव विचारताच तिने टाचणी काढली, ते हातात घेतले आणि ही माळ आहे म्हणाली. दुसरीच्या झग्याला पुढे बटणांची रांग; ती म्हणाली, ही बटणे नव्हेत, वाट्या आहेत; यांना देठ नाही आणि समोर काजेही नाहीत, पाहा. तिसरीला एर्मिनच्या फरविषयी हटकले, तर ती म्हणाली, हे एर्मिन नव्हे, लात्तित्सी आहे. ते काय असते? एक जनावर असते. कारकुनाला पुढे काही लिहिता आले नाही. वरिष्ठांनी कैफियत वाचली आणि आपण भिंतीशी झुंजतो आहोत हे ओळखून विषय तेथेच सोडला.

कथा कथाच, तिच्यातला शब्द न् शब्द घडला असे नव्हे. परंतु फ्लॉरेन्समध्ये 1343 सालापासून मनाई झालेले झगे नोंदवहीत उतरून घेतले जात व शिसाचा शिक्का मारून ते वापरण्याची परवानगी दिली जाई, हे इतिहासाने नोंदलेले आहे. म्हणजे आधी निषिद्ध ठरवायचे, मग शुल्क घेऊन शिक्का मारायचा. राजकोशाला उत्पन्न हवे असले की नीती किती मवाळ होते ते येथे दिसते. व्याख्येतली फट शोधणाऱ्या त्या बायांविषयी आम्हांला मनापासून आदर वाटतो. त्या खोटे बोलल्या, यात शंका नाही. पण ज्या प्रश्नाचे उत्तर मागण्याचा विचारणाऱ्याला हक्क नाही त्याला खोटे उत्तर देणे आणि पतंगाचे कापड केर्मेसचे म्हणून विकणे, या दोन खोट्यांना आम्ही एका तागडीत घालणार नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग तुमचा कौल भपक्याच्या बाजूने पडला. त्याला आम्ही आसिसीचा फ्रान्सिस दाखवू. पिएत्रो बेर्नार्दोने या कापडाच्या धनाढ्य व्यापाऱ्याचा हा मुलगा. एका मोडक्या देवळाच्या डागडुजीसाठी त्याने बापाच्या दुकानातले कापड फोलिन्योच्या बाजारात नेऊन घोड्यासकट विकले. बापाने फिर्याद केली. 1206 च्या सुमारास बिशपसमोर मुलाने पैसे परत ठेवले, आणि अंगावरचे कपडेही उतरवून त्यांवर ठेवले. बिशपने आपल्या झग्याने त्याला झाकले. त्यानंतर त्याने आयुष्यभर न रंगवलेल्या भरड लोकरीचा अंगरखा घातला. चरित्रकार या प्रसंगी बापाला खलपुरुष ठरवतात. आम्हांला मात्र त्या व्यापाऱ्याची फिर्याद अगदीच निराधार वाटत नाही. विकलेले कापड त्याचे होते. असो. महत्त्वाचे पुढे आहे. फ्रान्सिसच्या पंथाची जी नियमावली 1223 साली मान्य झाली तीत बांधवांनी हलके कपडे घालावेत, त्यांना गोणपाटाची ठिगळे लावावीत असे सांगून लगेच बजावले आहे की, मऊ व रंगीत कपडे घालणाऱ्या लोकांना त्यांनी तुच्छ लेखू नये वा त्यांचा न्याय करू नये. प्रत्येकाने न्याय करायचा तो स्वतःचा. पोशाखाविषयी एवढा कठोर मनुष्य दुसऱ्याच्या पोशाखाविषयी एवढा मवाळ असतो, ही गोष्ट आम्हांला त्या बिशपसमोरच्या प्रसंगाहून मोठी वाटते. जो कायदा त्याने स्वतःला लावला तोच नांगरणाऱ्याला लावावा असे त्याला वाटले नाही. दोघांच्या अंगावर तेच करडे कापड. एकाने ते निवडलेले, दुसऱ्याला ते नेमून दिलेले.

हा फरक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार नेमका ओळखला होता. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी जमलेल्या स्त्रियांना त्यांनी सांगितले की, ज्या नेसण्यावरून आणि ज्या जड दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते ते सोडा; लुगडे घोट्यापर्यंत नेसा. साधेपणाचा उपदेश ऐकण्याची सवय असलेल्या देशात हे बोलणे कित्येकांना खटकले असेल. परंतु नेमून दिलेल्या वस्त्रातून बाहेर पडल्याखेरीज वस्त्राचा त्याग करण्याचे सुख माणसाच्या वाट्याला येतच नाही.

पुन्हा फ्लॉरेन्सकडे वळू. जोव्हान्नी व्हिल्लानी या बखरकाराने 1338 च्या सुमाराचे आकडे दिले आहेत: लोकरीचे कारखाने दोनशेंहून अधिक, वर्षाकाठी सत्तर ते ऐंशी हजार तागे, आणि या धंद्यावर पोट भरणारी तीस हजारांवर माणसे. यांतल्या पिंजाऱ्यांना, विंचरणाऱ्यांना, धुणाऱ्यांना स्वतःचा संघ काढण्याची बंदी होती; कारखानदारांच्या संघाचा अधिकारीच त्यांचा न्याय करी. 1378 च्या जुलैत ही माणसे, ज्यांना 'चोम्पी' म्हणत, उठली आणि त्यांनी नगरभवन ताब्यात घेतले. मिकेले दि लान्दो नावाचा लोकर विंचरणारा नगराचा मुख्य झाला. माकियाव्हेल्लीने आपल्या इतिहासात लिहिले आहे की, हातात नगराचे निशाण घेऊन तो आत शिरला तेव्हा अनवाणी होता आणि त्याच्या अंगावर धड कपडेही नव्हते. युरोपातले उत्तम कापड करणाऱ्या नगराच्या भवनात, ते कापड करणारा माणूस असा आला. वस्त्राने खरे सांगावे असा आग्रह धरणाऱ्यांना याहून खरी साक्ष कोठे मिळाली असती? त्यांना ती नको होती. चोम्पींचा संघ त्याच वर्षी, काही आठवड्यांतच, मोडण्यात आला. आणि तो मोडण्यात खुद्द मिकेलेचा हात होता. माणूस वर गेल्यावर काय होते हा निराळा विषय, त्यात आम्ही शिरत नाही.

राजांच्या अंगावरच्या वस्त्रांना मात्र कोणी खरे-खोटे विचारीत नसे. सिसिलीच्या दुसऱ्या रॉजरचा तांबडा रेशमी झगा आजही व्हिएन्नात आहे. त्यावर सोन्याच्या जरीने उंटावर झडप घालणारे सिंह भरले आहेत आणि काठाने अरबी अक्षरांत मजकूर आहे. त्यात साल दिले आहे ते हिजरी 528, म्हणजे इसवी सन 1133–34. पालेर्मोच्या मुसलमान कारागिरांच्या हातचा हा झगा पुढे शतकानुशतके पवित्र रोमन सम्राट राज्याभिषेकाच्या वेळी खांद्यावर घेत आले. ख्रिस्ती जगाचा सर्वश्रेष्ठ राजा हिजरी सन अंगावर घेऊन ख्रिस्ती देवळात उभा राही, आणि वस्त्राने धर्म सांगितला पाहिजे असे त्याला कोणी म्हटले नाही.

इतरांना म्हटले. रोममध्ये लातेरानच्या वाड्यात 1215 साली भरलेल्या धर्मपरिषदेने ठरवले की ख्रिस्ती मुलखातील ज्यू आणि मुसलमान यांनी पोशाखाने ओळखू यावे. कारण असे दिले की पोशाख सारखा असल्यामुळे चुकून परधर्मीयांशी संबंध घडतात. चुकून! दोन माणसांना एकमेकांचा धर्म कळेनासा होण्याइतके ती सारखी होती, याची ही अनवधानाने दिलेली कबुलीच आहे. फ्रान्सच्या नवव्या लुईने 1269 साली ज्यूंच्या कपड्यांवर गोल चकती लावायला लावली. याच राजाला पुढे संतपद मिळाले. इंग्लंडमध्ये आधी खूण होतीच, पण पैसे भरून तिच्यातून सूट मिळे, म्हणजे तेथेही फ्लॉरेन्सच्या शिशाच्या शिक्क्याचाच न्याय. 1275 साली पहिल्या एडवर्डने कायदा अधिक नेमका केला.

त्या नेमकेपणाकडे आम्हां कारकुनांनी लक्ष द्यावे, म्हणूनच हा लेख लिहायला घेतला. तुकडा पिवळ्या नमद्याचा असावा. आकार दोन जोडलेल्या पाट्यांसारखा, म्हणजे मोझेसच्या आज्ञा ज्यांवर कोरल्या होत्या त्या शिलापट्टांसारखा. लांबी सहा इंच, रुंदी तीन इंच. तो वरच्या वस्त्रावर, दिसेल असा लावावा. ही मापे राजाने स्वतः काढली नसतील. कोणीतरी मसुदा केला, कोणीतरी 'लहानसा तुकडा' हे शब्द संदिग्ध आहेत म्हणून त्यांच्या जागी इंच घातले, आणि आपले काम चोख झाले असे त्याला वाटले असेल. अमेरिगोचा कारकून वाटी की बटण या प्रश्नापाशी अडला, ही त्याची अकार्यक्षमता होती. आम्ही मात्र ती त्याच्या पुण्याच्या बाजूला धरतो. इंग्लंडच्या मसुद्यात फट नव्हती. सहा इंच म्हणजे माळ आहे, असे कोणत्याही बाईला टाचणी काढून सांगता आले नसते. पंधरा वर्षांनी, 1290 साली, ज्यांनी तो तुकडा लावला त्या सर्वांना त्या राज्यातून घालवून देण्यात आले; कोणाला घालवायचे हे शोधण्याचे श्रम कायद्याने आधीच वाचवले होते.

वयाची मर्यादाही मसुद्यात होती. सात वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाने तुकडा लावायचा. कापड मापून, कापून, मुलाच्या अंगरख्यावर शिवून देण्याचे काम घरात बहुधा आईकडे येत असेल. सात वर्षांच्या पोराचा अंगरखा केवढा असतो ते घरात मुले असणाऱ्यांना सांगायला नको. सहा इंचांचा तुकडा त्यावर लावला की फारशी जागा उरत नाही.